बरणीतल्या गोळ्यांचे दुकान : प्रकल्प नोंदी

७ जून

आजपासून या वहीत प्रकल्पाच्या नोंदी ठेवत आहे. काम ठरले आहे ते असे : काचेच्या बरण्यांत सुट्या गोळ्या ठेवून त्या मोजून किंवा तोलून देणारे जुन्या पद्धतीचे दुकान ज्यांनी लहानपणी पाहिले, अशा ज्येष्ठांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या, त्या आठवणींत पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोळ्यांपैकी दोन-तीन प्रकार जुन्या रीतीने करून पाहायचे, आणि शेवटी वाचनालयाच्या मागच्या खोलीत असे एक दुकान एका दिवसापुरते उभे करायचे, जिथे आजच्या मुलांना स्वतः निवडून गोळी घेता येईल. अशी दुकाने जवळजवळ सगळीकडेच कमी होत गेली आहेत आणि ती पाहिलेली पिढीही आता वयाने बरीच पुढे गेली आहे. त्यामुळे हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही, असे मला मनापासून वाटते.

प्रश्नावली तयार झाली. एकूण १४ प्रश्न आहेत आणि त्यांपैकी ११ चवीविषयी आहेत.

१५ जून

सहा जणांशी बोलणे झाले आणि प्रश्नावली बदलावी लागणार हे स्पष्ट झाले. चवीविषयी विचारले की उत्तर एका वाक्यात संपते. ७८ वर्षांच्या एका आजींनी तर मला थांबवूनच सांगितले, “चव काय सांगू बाळा, गोडच होती. पण झाकण फिरवलं की काचेवर काच घासल्याचा आवाज यायचा ना, तो अजून कानात आहे.” त्यानंतर त्या वीस मिनिटे बोलल्या. दुकानदाराचा हात कोपरापर्यंत बरणीत जायचा, तो नेमका कोणत्या बाजूची गोळी उचलतो आहे याकडे त्यांचे डोळे लागलेले असायचे, मुठीत घट्ट धरलेल्या नाण्याचा धातूचा वास तळहाताला कितीतरी वेळ राहायचा, आणि आपल्यामागे मोठी माणसे खोळंबली आहेत हे कळत असूनही त्यांचे मन दोन बरण्यांमध्ये अडकून पडायचे.

आणखी एक गोष्ट ध्वनिमुद्रणे पुन्हा ऐकताना लक्षात आली. सहा जणांपैकी एकानेही ‘गोळी खाल्ली’ असे म्हटलेले नाही. कोणी ती चघळली, कोणी चोखली, कोणी गालात धरून ठेवली, कोणी जिभेवर घोळवली. एका आजोबांना मात्र धीर नसायचा, ते ती कडाकडा फोडायचे आणि मग भावाची अजून शिल्लक असलेली गोळी बघत बसायचे. ‘पुरवून पुरवून’ हा शब्द चार जणांच्या बोलण्यात आला. दोन बहिणींनी एकच गोळी फ्रॉकच्या टोकात गुंडाळून चिमणीच्या दातांनी फोडल्याची हकिकत एकीने सांगितली आणि मोठा तुकडा कोणाला गेला याबद्दलचा तिचा दावा साठ वर्षांनंतरही कायम आहे. गोळी ही वेळेत मोजायची वस्तू होती, हे या क्रियापदांवरूनच कळते. नव्या प्रश्नावलीत मी पहिला प्रश्न ‘ती किती वेळ पुरायची?’ असा घेतला आहे.

२१ जून

आजचे काम शब्दांचे, आणि थोडेच. संस्कृतातील ‘शर्करा’ या शब्दाचा एक अर्थ वाळूचे किंवा दगडाचे बारीक खडे असा आहे. तोच शब्द फारसीत ‘शकर’ झाला, अरबीत ‘सुक्कर’ झाला आणि पुढे युरोपातील भाषांत ‘शुगर’, ‘सुक्र’ अशी रूपे घेत पसरला. ‘खंड’, म्हणजे तुकडा, हा फारसीतील ‘कंद’मार्गे इंग्रजीत ‘कँडी’ होऊन बसला. बरणीत ठेवतात ते अखेर साखरेचे खडे आणि तुकडेच, त्यामुळे हे दोन्ही शब्द आजही अचूक आहेत. प्रदर्शनातील पाटीसाठी एवढा मजकूर पुरेसा आहे.

२८ जून

पहिला घाणा फसला. ५०० ग्रॅम साखर आणि १७० मिलिलिटर पाणी घेऊन पाक चढवला आणि तो १५० अंश सेल्सिअसपर्यंत नेला. पाकाचे तापमान वाढत जाते, कारण पाणी उडून जाऊन साखरेचे प्रमाण वाढते; म्हणजे तापमापक खरे तर आत पाणी किती उरले तेच सांगत असतो. एकतारी आणि दोनतारी पाक मागे टाकून ११५ अंशांच्या आसपास थंड पाण्यात टाकलेला थेंब मऊ गोळी होतो. १५० अंशांवर पाणी जेमतेम एक टक्का उरते आणि तोच थेंब काचेसारखा तडकतो. कडक गोळीला हीच अवस्था हवी असते. उंचावरच्या ठिकाणी पाणी लवकर उकळते, म्हणून आधी उकळत्या पाण्यात तापमापक तपासून घ्यावा लागतो. आमचा दोन अंश कमी दाखवत होता, ती दुरुस्ती धरूनच काम केले.

तरीही लादीवर ओतल्यावर पाच मिनिटांत सगळा पाक पांढुरका, रवाळ आणि ठिसूळ झाला. कारण शोधायला वेळ लागला नाही : पाक उकळत असताना मी तो सारखा ढवळत होतो आणि कढईच्या कडेला सुकलेले साखरेचे कण आत पडत होते. साखरेच्या एकाच जातीच्या रेणूंना नीट रांगेत लागायला असा एखादा कण पुरतो आणि मग सगळा पाक खडीसाखरेच्या वाटेने जातो. खडीसाखर करायची असेल तेव्हा हाच गुण, गोळी करायची असेल तेव्हा हाच दोष.

५ जुलै

दुसरा घाणा. या वेळी पाकाला उकळी फुटताच त्यात तीन मोठे चमचे लिंबाचा रस घातला. आम्लामुळे उसाच्या साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांत फुटतो आणि निरनिराळ्या आकाराचे रेणू एकमेकांच्या आड येऊन रवा धरू देत नाहीत, एवढे वाचून ठेवले होते. गोळ्या सुरेख झाल्या. पिवळसर, आरपार दिसणाऱ्या, उजेडात धरल्या तर बोट पलीकडून दिसावे अशा. मी त्या उघड्या ताटात मांडून, समाधानाने दिवा मालवून घरी गेलो.

सकाळी ताटात गोळ्या नव्हत्या. एकमेकींना चिकटून, कडा हरवून, त्यांचे एक सपाट थारोळे झाले होते आणि त्यात दोन मुंग्या अडकलेल्या होत्या. रात्रभर हवा पावसाळी होती. दोन चुका एकाच वेळी झाल्या होत्या. रस प्रमाणाबाहेर घातला आणि तो सुरुवातीपासून उकळला, त्यामुळे गरजेपेक्षा कितीतरी जास्त साखर फुटली. तिच्यातील फ्रुक्टोज हवेतील ओल ओढण्यात सगळ्यांत पुढे असते. दुसरी चूक, गोळ्या उघड्या ठेवण्याची, अधिक मूलभूत आहे. कडक गोळी म्हणजे घट्ट झालेला स्फटिक नसून रवा न धरता गोठलेला पाक असतो, खऱ्या अर्थाने काच असते. ती कोरडी आहे तोवर काच राहते. पृष्ठभागाने थोडेसे पाणी शोषले की मऊ होऊ लागते आणि वाहते.

हे समजल्यावर आजींनी सांगितलेल्या त्या आवाजाचा अर्थ मला नव्याने कळला. बरणी मांडणीच्या शोभेसाठी होती, असे मी आजवर धरून चाललो होतो. प्रत्यक्षात घासून बसवलेले काचेचे झाकण हे हवेतील ओलीला अडवणारे दार होते आणि गोळीच्या अस्तित्वाचीच ती अट होती. दुकानदार प्रत्येक वेळी झाकण तत्परतेने परत बसवत असे तो शिस्तीचा भाग नव्हता, धंद्याचा होता. रंग बाहेरून दिसावेत म्हणून काच, आणि रंग टिकावेत म्हणून घट्ट झाकण. साठ-सत्तर वर्षे कानात राहिलेला तो आवाज पाकाच्या रसायनशास्त्रातून आलेला आहे, हे मला फार मोलाचे वाटते.

१२ जुलै

मिठाईच्या कारखान्यात आयुष्य घालवलेले आणि आता निवृत्त झालेले एक काका आज मदतीला आले. त्यांनी कढईकडे एकदा पाहिले आणि माझ्या हातातला झारा काढून घेतला. “साखर विरघळेपर्यंत ढवळा. उकळी आली की हात मागे घ्यायचा. आता त्याचं काम त्याला करू द्या.” कढईच्या कडा त्यांनी पाण्यात बुडवलेल्या ब्रशने दोनदा पुसून घेतल्या, म्हणजे सुकलेला एकही कण आत पडू नये. रवा धरू नये म्हणून लिंबाऐवजी ५०० ग्रॅम साखरेला १५० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज घेतले. आंबटपणासाठी सहा ग्रॅम सायट्रिक ॲसिड ठेवले होते, ते त्यांनी पाक लादीवर ओतून जरा निवल्यानंतर, घडी घालून मळताना मिसळले. गरम पाकात आधीच घातले असते तर पुन्हा तेच झाले असते जे ५ तारखेला झाले.

तापमापकाकडे काका क्वचितच पाहत होते. थेंब थंड पाण्यात सोडायचा, बाहेर काढून कानाजवळ मोडायचा आणि आवाज ऐकायचा. १४० अंशांना तो वाकला आणि मग तुटला. १५० अंशांना सरळ ‘कट्’ झाला. “हा आवाज आला की उतरवा.”

अर्धा पाक त्यांनी ओढण्यासाठी वेगळा काढला. दोन-दोन हातमोजे घालून आम्ही समोरासमोर उभे राहिलो आणि तो लांबवत, दुमडत, पुन्हा लांबवत राहिलो. पहिली आठ-दहा वळणे तो मधासारखा पारदर्शक होता. मग कडेला एक रेशमी चमक आली, ती आत सरकत गेली आणि बघता बघता सगळी लडी मोत्यासारखी पांढरी झाली. त्यात रंग काहीच घातलेला नव्हता. दुमडताना आत अडकलेले हवेचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे उजेड विखुरतात, एवढेच त्यामागचे कारण. बुडबुड्यांमुळेच ओढलेली गोळी दाताखाली लगेच भुगा होते आणि न ओढलेली तडकते. काका वयाने सत्तरीच्या पुढे आहेत, पण लडी पांढरी होण्याचा क्षण आला तेव्हा त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. इतकी वर्षे रोज पाहूनही तो क्षण त्यांच्यासाठी शिळा झालेला नाही.

गोळ्या संध्याकाळी बरणीत भरल्या. ओल शोषली जावी म्हणून तळाशी कापडी पुरचुंडीत कोरडा कळीचा चुना ठेवला आणि तो गोळ्यांना लागू नये म्हणून वर छिद्रांची पत्र्याची चकती बसवली.

१९ जुलै

आठव्या दिवशीही गोळ्या सुट्या आहेत.

रंगांचा निर्णय आज घेतला, आणि तो घेताना एक गोष्ट या वहीत लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. ध्वनिमुद्रणात बहुतेक जण म्हणतात की पूर्वीचे सगळे शुद्ध होते. आठवण म्हणून मी त्याचा मान राखतो, पण पाटीवर तसे लिहिणार नाही. १८२० मध्ये फ्रेडरिक अक्युम या रसायनशास्त्रज्ञाने लंडनमध्ये अन्नातील भेसळीविरुद्ध जाहीरपणे लिहिले, तेव्हा मुलांच्या गोळ्यांना लाल आणि हिरवा रंग देण्यासाठी शिसे आणि तांबे यांची विषारी संयुगे वापरली जात असल्याचेही त्याने दाखवले. १८५८ मध्ये इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे साखर वाचवण्यासाठी गोळ्यांत जिप्सम मिसळण्याचा प्रघात होता. एकदा जिप्समच्या जागी चुकून आर्सेनिक दिले गेले आणि पेपरमिंटच्या त्या गोळ्या खाऊन सुमारे २० माणसे दगावली, २०० हून अधिक आजारी पडली. भेसळीला आणि विषांच्या विक्रीला कायद्याने आळा घालण्याच्या मागणीला या घटनेने मोठा जोर आला.

साखर स्वस्त कशी झाली, हेही सांगितले पाहिजे. कॅरिबियन बेटांवरील उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून पकडून नेलेल्या गुलामांकडून पिढ्यानपिढ्या काम करवून घेतले गेले आणि युरोपातील गोडवा बराच काळ त्यावर उभा होता. १७४७ मध्ये बर्लिनच्या आंद्रेआस मार्गग्राफने बीटमध्ये तीच साखर असल्याचे सिद्ध केले आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याचा शिष्य फ्रांझ आखार्ड याने सायलेशियात बीटपासून साखर काढणारा पहिला कारखाना चालवला. एकेकाळी औषध विकणाऱ्यांकडे, बियांवर साखरेचे थर चढवून, औषध म्हणून मिळणारी गोष्ट लहान मुलाच्या मुठीतल्या नाण्याला परवडू लागली, ती या सगळ्यानंतर. दुकान मला प्रिय आहे म्हणूनच त्याची ही बाजू पाटीवरून वगळणे मला पटत नाही. मजकूर थोडा असेल, पण असेल.

रंग : आरपार पिवळा हळदीचा, लाल बिटाचा, पांढरा ओढलेला. बिटाचा लाल उष्णतेने तपकिरी पडतो, म्हणून तोही ॲसिडबरोबर शेवटी मिसळावा लागेल.

२ ऑगस्ट

ध्वनिमुद्रणांची संख्या १८ झाली. आज पाच छोट्या बाटल्या घेऊन गेलो : पुदिना, लिंबाची साल, बडीशेप, करपत आलेली साखर आणि जुना पत्र्याचा डबा घासून पुसलेला कापूस. डोळे मिटून हुंगायचे आणि जे आठवेल ते सांगायचे, एवढीच सूचना दिली. पुदिना आणि लिंबू सगळ्यांनी नावानिशी ओळखले आणि विषय तिथेच संपला. करपत्या साखरेच्या बाटलीला मात्र तीन जणांनी नाव सांगितलेच नाही. गोळी कडाकडा फोडणारे ते आजोबा बाटली नाकाशी धरून बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “मागच्या दाराशी. तिथे उभं राहू द्यायचे नाहीत, पण मी उभा राहायचो.” दुकानाच्या मागच्या बाजूला भट्टी होती, हे त्यांनी आधीच्या दीड तासाच्या मुलाखतीत एकदाही सांगितले नव्हते, त्यांना स्वतःलाही ते आठवत नव्हते.

वासाची ही ताकद अभ्यासकांनी वारंवार नोंदवली आहे. दिसलेले आणि ऐकलेले मेंदूच्या मधल्या एका थांब्यावरून, थॅलॅमसवरून, पुढे पाठवले जाते. वासाचा संदेश मात्र तो थांबा न घेता भावना आणि स्मृती यांच्याशी निगडित भागांपर्यंत, ॲमिग्डाला आणि हिप्पोकॅम्पसपर्यंत, फार जवळच्या वाटेने पोहोचतो. वृद्धांना शब्द देऊन आठवणी विचारल्या तर त्या अधिककरून ११ ते २० या वयातल्या निघतात आणि वास देऊन विचारल्या तर पहिल्या दहा वर्षांतल्या. नेमके तेच वय गोळ्यांच्या दुकानाचे असते.

‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बासेल येथे आपल्या प्रबंधात घडवला. घरी परतणे आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्याने जोडले आणि तो एक आजार मानला. मराठीत आपण त्याला स्मरणरंजन म्हणतो, तिथे वेदना मुळीच नाही. आज मागच्या दाराशी उभे राहिलेल्या त्या आजोबांचा चेहरा पाहिल्यावर मला दोन्ही शब्द अपुरे वाटले. प्रकल्पाच्या शीर्षकातून मी ‘स्मरणरंजन’ काढून टाकले आहे.

१६ ऑगस्ट

गल्ला तयार झाला. सुताराने विचारले, उंची किती? जुनी मोजमापे कोणाकडेच नाहीत. आठवणींवरून अंदाज करावा तर प्रत्येकाचा गल्ला भिंतीएवढा उंच आणि बरण्या हंड्याएवढ्या. शेवटी ९५ सेंटिमीटर उंची ठेवली आणि त्यावर बरण्यांची एक रांग, मागे फळीवर दुसरी.

संध्याकाळी पाच ज्येष्ठांना पाहायला बोलावले. सगळ्यांनी कौतुक केले आणि सगळ्यांनीच थोड्याशा संकोचाने तेच सांगितले : “छान आहे, पण बरण्या मोठ्या असायच्या.” बरण्या जुन्याच आहेत, एका बंद पडलेल्या दुकानातून मिळालेल्या. झाकणाच्या आवाजाची आठवण सांगणाऱ्या आजींच्या शेजारी उभा राहून मी तेच पाहत होतो जे त्या पाहत होत्या, आणि तेव्हा सुचले की आम्ही सगळे वरून पाहत आहोत. सात वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून साधारण ११० सेंटिमीटरवर असतात. एक बुटके स्टूल आणले आणि त्या आजींना, गुडघ्यांची काळजी घेत, गल्ल्यापुढे त्यावर बसवले. डोळे आता १०५ सेंटिमीटरवर आले.

त्यांच्या नजरेसमोर पुढच्या रांगेतील बरणीचे पोट होते, आणि पलीकडच्या दिव्याचा उजेड लाल गोळ्यांमधून गाळून त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता. गल्ल्यामागे उभे असलेले काका तिथून खांद्यांपासून वर दिसत होते. काकांनी काही न विचारता झाकण फिरवले. आजींनी हात वर केला, बोट बरणीकडे नेले, मागे घेतले आणि शेजारच्या बरणीकडे नेले. खोलीत कोणी बोलत नव्हते. मग त्यांनी मला विचारले, “दोन घेतल्या तर चालतील?”

चवीवर मी चार आठवडे घालवले, ते वाया गेले असे मी म्हणणार नाही. पण या लोकांना जे पुन्हा हवे आहे ते गोळीच्या अलीकडचे आहे, जिथे मुठीत एकच नाणे आहे, समोर सात बरण्या आहेत, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ‘कोणती?’ या प्रश्नाचे उत्तर दुसरे कोणी देणार नाही.

२४ ऑगस्ट

किती गोळ्या द्यायच्या यावर आज बरीच चर्चा झाली. वाचनालयातील एका ताईंचे मत होते की मुलांना हव्या तेवढ्या घेऊ द्याव्यात, म्हणजे दिवस आनंदाचा होईल. मी त्याला विरोध केला. एक कारण आरोग्याचे : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार दिवसभरात बाहेरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी आणि शक्यतो पाच टक्क्यांच्या आत असावी. आमची एक गोळी चार ग्रॅमची आहे. दुसरे कारण या प्रकल्पाच्या मुळाशी असलेले. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, गोळ्या-चॉकलेटांचे रेशनिंग होते. ते एप्रिल १९४९ मध्ये उठवले, पण मागणी इतकी उसळली की चार महिन्यांत पुन्हा लागू करावे लागले आणि अखेर ५ फेब्रुवारी १९५३ रोजी ते संपले. त्या पिढीच्या आठवणींत गोळीला जे स्थान आहे ते तिच्या दुर्मीळपणातून आले. दुर्मीळपणाचे गोडवे मी गात नाही. उपासमारीतून आलेली गोडी कोणाच्या वाट्याला येऊ नये. पण सगळेच मिळणार असेल तर निवडायचे काय, हा प्रश्न उरतोच.

ठरले ते असे : प्रत्येक मुलाला तीन बटणे, एका बटणाला एक गोळी. पैसे नाहीत. पाच वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही, कारण कडक गोल गोळी त्यांच्या घशात अडकण्याचा धोका खरा असतो. गल्ल्यापुढे घाई करायची नाही, ही सूचना पालकांसाठी मोठ्या अक्षरांत.

८ सप्टेंबर

दुकान सकाळी दहा ते दुपारी एक उघडे होते. ३२ मुले आली.

एका मुलाविषयी सविस्तर लिहितो. वय आठ, निळा सदरा, तीनही बटणे उजव्या मुठीत. पहिल्यांदा तो सातही बरण्यांपुढून चालत गेला, मग उलटा चालत आला. ओढलेल्या पांढऱ्या गोळ्यांपाशी थांबून त्याने काकांना विचारले, “ही लवकर संपते का?” काका म्हणाले, “ही लवकर संपते. पिवळी पुरते.” त्याने मान हलवली आणि पुन्हा रांगेच्या टोकाला गेला. आई दोनदा म्हणाली, “अरे, घे ना पटकन,” आणि पाटी वाचून स्वतःच थांबली. पहिली पिवळी घेतली. दुसरी घेण्याआधी त्याने पहिली खिशात चाचपून पाहिली. तिसऱ्या बटणाला तो इतका वेळ उभा राहिला की मागची मुलगीही रांग सोडून त्याच्या शेजारी आली आणि त्याच बरणीकडे पाहू लागली. दोघांनी काहीतरी ठरवले. त्याने लाल घेतली, तिने पांढरी, आणि दाराबाहेर जाऊन त्यांनी त्या अदलाबदल केल्या. घड्याळाप्रमाणे ११ मिनिटे.

ज्येष्ठ मंडळी भिंतीकडेच्या बाकांवर बसली होती. त्यांना मुलांशी बोलायला सांगितलेले होते, पण पहिला तास कोणी बोललेच नाही. सगळे नुसते मुलांच्या हातांकडे पाहत होते. नंतर मात्र कोणी पुरवून खाण्याच्या युक्त्या सांगू लागले. गोळी फोडणाऱ्या आजोबांनी एका मुलाला गालात धरायला शिकवले आणि स्वतःची गोळी बोलता बोलता फोडली.

११ सप्टेंबर

हिशेब. ९६ बटणे दिली, ९५ परत आली. उरलेल्या गोळ्या सुमारे दीड किलो, घट्ट बरण्यांत. तिसऱ्या बरणीचे झाकण नीट बसत नाही, त्यातील गोळ्या कडेला मऊ पडू लागल्या आहेत; झाकण पुन्हा घासून घ्यावे लागेल. बिटाचा लाल तीन दिवसांतच फिका झाला, त्यासाठी दुसरा उपाय शोधायचा आहे. झाकणाचा आवाज वेगळा ध्वनिमुद्रित करून १८ मुलाखतींच्या संग्रहात जोडला.

बाहेर राहिलेल्या बटणाचा पत्ता आज लागला. नऊ वर्षांची एक मुलगी वाचनालयात पुस्तक बदलायला आली होती. तिने सांगितले की बटण तिच्याकडे आहे, हरवलेले नाही. त्या दिवशी पांढरी आणि लाल यांत तिचे ठरले नाही, म्हणून तिने ते ठेवून दिले. मी बरणी काढून देऊ लागलो तर ती नको म्हणाली. दुकान उघडे असेल तेव्हाच घेईन, म्हणाली. काकांशी फोनवर बोललो. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी गल्ला पुन्हा मांडायचे ठरले आहे आणि त्याआधी पांढऱ्या व लाल गोळ्यांचा एक-एक नवा घाणा काढायचा आहे.